गव्हर्नरची दहा पत्रं

आमच्या घरात फोनवर हळू बोलायची पद्धत नव्हती. नागपूरला ट्रंककॉल लावताना जो आवाज काढावा लागे, तोच आवाज आई शेजारच्या गल्लीतल्या बाईशी बोलतानाही काढायची. तिचा फोन चालू असला की तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची घरघर ऐकू यायची नाही, माझ्या भावाच्या, समीरच्या व्हिडिओ गेमची टुणटुण ऐकू यायची नाही, फक्त आईच. स्वयंपाकघरातल्या फोनची ती पिवळी वेटोळ्यांची वायर ताणून ताणून इतकी लांब झाली होती की ओट्यापासून फ्रीजपर्यंत जाऊन आई कोशिंबिरीचं दही काढून आणायची आणि बोलणं चालूच. आम्ही राहायचो ते गाव राज्याची राजधानी होतं, पण राजधानी म्हणजे आपलं नावाला. विधिमंडळाचा एक घुमट, एक नदी, एक मोठं हॉटेल, आणि पाचनंतर सगळा शुकशुकाट. कोथिंबीर मिळायची नाही. हरभऱ्याची डाळ मिळायची नाही. शिकागोची डेव्हन ॲव्हेन्यू, म्हणजे भारतीय दुकानांची गल्ली, पाच तासांवर. दोन महिन्यांतून एकदा बाबा पहाटे स्टेशन वॅगन काढत, आणि परत येताना गाडीत डाळींच्या गोणींमध्ये समीर आणि मी जागा मिळेल तसे बसलेलो असायचो. बर्फाच्या पेटीतली कोथिंबीर मात्र आईच्या मांडीवर. त्या कोथिंबिरीची सांबारवडी दुसऱ्याच दिवशी व्हायची, कारण तिसऱ्या दिवशी ती काळी पडायची. आता माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कोथिंबीर मिळते, बारा महिने, आणि मला सांबारवडी करायचा आळस येतो.

बाबा राज्याच्या रस्ते खात्यात पुलांचे इंजिनियर. माणूस शांत. सांगलीचे असूनही शांत, असं आई म्हणायची. आई भूल देणारी डॉक्टर. तीस मैलांवरच्या एका छोट्या हॉस्पिटलात ती एकटीच भूलतज्ज्ञ होती, त्यामुळे हिवाळ्यात रस्ते गोठले की ती दोन-दोन दिवस तिथेच राहायची आणि बाबा मुगाची खिचडी करायचे. पहिल्या दिवशी खिचडी, दुसऱ्या दिवशी तीच खिचडी, फोडणी वेगळी. आईला आपल्या कामाचा अभिमान होता, पण तिच्या कामात एक गंमत होती. सर्जनला लोक नाताळला फळांची टोपली पाठवत, बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांच्या नावावरून मुलांची नावं ठेवत. आईचं तोंडही कुणाला आठवत नसे. "पेशंटला मी आठवले नाही, म्हणजे माझं काम बरोबर झालं," ती म्हणायची. त्या वाक्याचा अर्थ मला सोळाव्या वर्षी नीट कळला, आणि तो कळायला राज्याचा गव्हर्नर मध्ये यावा लागला.

त्या गव्हर्नरांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. राज्याबाहेर त्यांना कुणी ओळखत नव्हतं आणि आता राज्यातही त्यांचं नाव एका पुलाच्या पाटीपुरतं उरलं आहे. वडिलांचं शेतीच्या अवजारांचं दुकान, स्वतः गावातले वकील, मग आमदार, मग गव्हर्नर. उंच, जरा वाकलेले, कोट नेहमी एक माप मोठा. भाषण असं द्यायचे की समीर ऐकता ऐकता झोपायचा. शाळांना पैसे द्या म्हणायचे, म्हणून त्यांच्याच पक्षातले लोक त्यांच्यावर चिडलेले. कर वाढवणार नाही म्हणायचे, म्हणून विरुद्ध पक्षातले चिडलेले. आमच्या महाराष्ट्र मंडळातले पाटणकर काका म्हणायचे, "हा माणूस दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा आहे, एक दिवस मधल्यामध्ये पडणार." बाबा नुसते हसायचे. त्यांचं मत होतं की पुलाचा खांब नदीच्या मध्येच उभा करावा लागतो. पण ते इंजिनियर, त्यांना सगळीकडे पूलच दिसायचे.

मी हायस्कूलला असताना शाळेतर्फे आठवड्यातून तीन दुपारी गव्हर्नरांच्या टपालखोलीत काम करायला जायचे. पगार नाही, कॉलेजच्या अर्जात लिहायला एक ओळ, एवढंच. घुमटाच्या खाली तळमजल्यावर, वाफेच्या पाइपांशेजारी ती खोली. तिथली मुख्य मिसेस ओल्सन. साठीच्या, पांढरे केस, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा आणि शिस्त आईच्या नागपूरच्या हेडबाईंना लाजवेल अशी. पत्रं फोडायची, तारखेचा शिक्का मारायचा, विषय बघून बाजूने आणि विरुद्ध अशा चवडी लावायच्या. आणि शुक्रवारी एक हिरवी फाइल वर जायची. त्यात दहा पत्रं. पाच बाजूची, पाच विरुद्धची, सगळी माणसांनी आपल्या शब्दांत लिहिलेली. हा गव्हर्नरांचा स्वतःचा नेम होता. शनिवारी घरी बसून ते दहाही पत्रं वाचत, समासात पेन्सिलीने काहीबाही खरडत, आणि वाटलं तर रविवारी दुपारी एखाद्याला स्वतः फोन लावत. गाईचं दूध, शाळेची बस, तुरुंगातला मुलगा, असली पत्रं. सोमवारी फाइल परत आली की मी समास वाचायचे. एकदा नुसतं लिहिलं होतं, 'हिचं बरोबर आहे, मी चुकलो.' मोठ्या माणसाने असं लिहिलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी विधिमंडळात एक विधेयक आलं. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना परवान्याचं नूतनीकरण करायचं असेल, तर त्यांनी इथल्या मोठ्या हॉस्पिटलात पुन्हा दोन वर्षं शिकाऊ म्हणून काढावीत, नाहीतर परवाना रद्द. आईने शिकाऊपणा एकदा इथेच पुरा केला होता, परीक्षा दिल्या होत्या, त्याला दहा वर्षं झाली होती. ते काही धरायचं नव्हतं. असं शिकवणारं हॉस्पिटल आमच्यापासून तीन तासांवर. म्हणजे आई दोन वर्षं तिकडे एका खोलीत, आम्ही इकडे, आणि ते तीस मैलांवरचं हॉस्पिटल भूलतज्ज्ञाविना. विधेयक दोन्ही सभागृहांत पास झालं आणि सहीसाठी गव्हर्नरांच्या टेबलावर गेलं. आई तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. त्या आठवड्यात तिने फडताळं घासली, पडदे धुतले, आणि बोलली जवळजवळ नाहीच. फोनवरसुद्धा.

मंडळात धावपळ सुरू झाली. पाटणकर काका ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनियर, पण लिखापढीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांनी एक पत्र तयार केलं. काय पत्र होतं! 'सविनय निवेदन करण्याची परवानगी घेतो की' इथपासून 'आपला अत्यंत नम्र' इथपर्यंत, इंग्रजीत, दोन पानं टाइप केलेली. ऑफिसात त्याच्या झेरॉक्स काढल्या, आणि रविवारच्या जेवणात ताटांच्या आधी पत्रं वाटली. सगळ्यांनी सह्या केल्या. ज्यांच्या घरात डॉक्टर नव्हते त्यांनीही केल्या, समीरनेही केली. "एक शब्द इकडचा तिकडे करू नका हं," काका सांगत होते, "आपली एकी दिसली पाहिजे. सरकारदरबारी अर्ज एकसारखेच लागतात." आपल्याकडे तसं होतं खरंच. तलाठ्यापासून कुलगुरूपर्यंत नमुना ठरलेला, त्यात फक्त नाव भरायचं. आम्ही सगळे त्याच देशातून आलेले, कुणाला वेगळं सुचणार तरी कसं?

बुधवारी ती पाकिटं टपालखोलीत आली. मिसेस ओल्सननी पहिलं उघडलं, वाचलं, दुसरं उघडलं, आणि तिसरं न वाचताच माझ्याकडे सरकवलं. मला म्हणाल्या, "छापील दिसतंय. मोज, रबरबँड लाव, विरुद्धच्या खात्यात आकडा लिही आणि खोक्यात टाक." मी मोजली. चौसष्ट. त्यात आमच्या घरची चार. एकसारखी पत्रं मोजली जात, वाचली जात नसत. हिरव्या फाइलीत तर ती कधीच जात नसत. मी रबरबँड लावून गठ्ठा खोक्यात टाकला.

पुढच्या रविवारी मंडळाच्या जेवणात मी हे काकांना सांगायला गेले, तीच माझी चूक. कुणाचं पत्र कुठे गेलं ते बाहेर बोलायचं नाही हा तिथला नियम होता, म्हणून मी एवढंच म्हटलं की एकसारखी पत्रं गव्हर्नर वाचत नाहीत, प्रत्येकाने आपलं वेगळं लिहायला हवं.

"तू मला शिकवतेस?" पाटणकर काका म्हणाले. "मी बारा वर्षं मिनिस्ट्रीशी करस्पॉन्डन्स केलाय, नंदा. डिग्निटी म्हणून काही असते की नाही? प्रत्येकाने आपलं रडगाणं लिहायचं, म्हणजे काय!"

सगळे हसले. मी भाजीचा चमचा घेऊन पुढच्या ताटाकडे वळले. घरी येताना गाडीत मी आईला म्हटलं, "आई, तू लिही ना. तुझ्या शब्दांत."

"मी नाही लिहीत," आई म्हणाली. "परीक्षा दिली, पास झाले. आता कोणासमोर हात पसरून राहू?"

"मग तुझ्यासाठी कोण लिहिणार? पेशंट?"

हे मी रागाच्या भरात बोलले. बाबांनी आरशातून मागे पाहिलं आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "ती बरोबर बोलतेय." आमच्या घरात बाबांचं एक वाक्य म्हणजे इतरांचे दहा तास.

पुढच्या मंगळवारी टपालाच्या ढिगात आईचं अक्षर दिसलं. डावीकडे झुकणारं, औषधाच्या चिठ्ठीसारखं नव्हे, सुवाच्य, जसं ती मामाला पत्र लिहिताना काढायची. घरच्यांचं पत्र आलं तर ते न फोडता मिसेस ओल्सनकडे द्यायचं, हा दुसरा नियम. आणि शुक्रवारची हिरवी फाइल बांधायचं काम माझ्याकडे असायचं. दहातलं एक पत्र काढून त्या जागी हे ठेवलं असतं तर कुणाला कळलं असतं? मी ते पाकीट स्वेटरच्या आत घातलं आणि दीड तास तशीच शिक्के मारत राहिले. दर शिक्क्याला ते पोटाला टोचायचं. मी फार सद्गुणी होते असं नाही. पण समासातली ती ओळ, 'मी चुकलो', डोळ्यांसमोर यायची, आणि त्या माणसाला फसवायचं माझ्या जिवावर यायला लागलं. शेवटी मी उठले, पाकीट मिसेस ओल्सनच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "हे माझ्या आईचं. मी हे लपवलं होतं."

त्यांनी चष्मा लावला, पाकीट फोडलं आणि माझ्यासमोरच वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "हे बाजूचं नाही आणि विरुद्धचंही नाही. यासाठी माझ्याकडे चवडच नाही." आणि ते ड्रॉवरमध्ये ठेवून मला शाळकरी मुलांनी पाठवलेली चित्रं लावायला पाठवलं. त्या शुक्रवारी फाइल त्यांनी स्वतः बांधली. मला वाटलं, संपलं. माझ्याच हाताने मी आईचं पत्र बुडवलं. घरी जाऊन मी जेवले नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मिसेस ओल्सन जाऊन आता वर्षं लोटली. त्या मला ना रागावल्या ना त्यांनी शाबासकी दिली, आणि त्या दोन्हींतून मला सोडवल्याबद्दल मी त्यांचे उपकार अजून मानते.

रविवारी दुपारी आई गोळाभात करत होती. हरभऱ्याच्या डाळीचे गोळे भातात वाफवलेले, आणि वरून ओतायला हिंग-मोहरीची सढळ फोडणी. फोन वाजला, समीरने घेतला. "मॉम, इट्स फॉर यू. समबडी फ्रॉम द गव्हर्नर. नो, वेट. ही सेज ही इज द गव्हर्नर."

आईने हात पुसले, रिसीव्हर घेतला, आणि ट्रंककॉलच्या आवाजात म्हणाली, "हॅलो! प्लीज होल्ड, माय ऑइल इज हॉट!" गॅस बंद केला, मग पुन्हा रिसीव्हर कानाला लावला. पुढचं सगळं आम्ही एकाच बाजूने ऐकलं, आणि आवाज असा होता की शेजारच्यांनीही ऐकलं असेल. पहिलं वाक्य तिचंच. "सर, आय मस्ट टेल यू, आय ॲम नॉट अ सिटिझन. आय हॅव नो व्होट फॉर यू." बाबांनी कपाळाला हात लावला. पलीकडून काहीतरी उत्तर आलं आणि आई चक्क हसली. नंतर तिने सांगितलं, ते म्हणाले होते, मग तर आपल्याला मोकळेपणी बोलता येईल.

पत्रात तिने काय लिहिलं होतं तेही आम्हाला त्या फोनमुळेच कळलं. तिने लिहिलं होतं, मी ज्यांना भूल देते ते मला विचारतात तू कुठली, आणि उत्तर ऐकायच्या आत झोपतात. म्हणून माझ्या बाजूने तुम्हाला कुणीही लिहिणार नाही. मला सवलत नको. माझ्याबद्दल शंका असेल तर माझी परीक्षा घ्या. पण शेजारच्या खोलीतल्या, इथेच शिकलेल्या डॉक्टरचीही तीच परीक्षा घ्या. त्यावर ते विचारत होते की खरंच अशी परीक्षा ठेवली तर तुम्ही बसाल का.

"येस, आय विल सिट!" आई ओरडली. "टुमॉरो आल्सो!"

आमच्या राज्यात गव्हर्नरांना विधेयकात दुरुस्ती सुचवून ते परत पाठवायचा अधिकार होता. त्यांनी तेच केलं. दोन वर्षांचा शिकाऊपणा काढून टाकला आणि त्याऐवजी, कुठेही शिकलेला असो, परवान्याचं नूतनीकरण मागणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला एकच लेखी परीक्षा. सगळ्यांना सारखा नियम नको असं उघडपणे म्हणायला कुणालाच तोंड नव्हतं, त्यामुळे विधिमंडळाने कुरकुरत ती दुरुस्ती मान्य केली. आणि मग राज्यातला एकूण एक डॉक्टर गव्हर्नरांवर उलटला. मंडळातले दोन डॉक्टरही उलटले, ते आईवर.

"वहिनी, कमाल केलीत," पाटणकर काका म्हणाले. "सुटका मागायची सोडून परीक्षा मागून आलात! साक्षात गव्हर्नरचा फोन, आणि तुम्ही मागितलंत काय, तर पेपर!"

"हो ना बाप्पा," आई म्हणाली. "पेपरची भीती तुम्हाला. मला नाही."

भीती तिलाही होती. वीस वर्षांपूर्वी वाचलेलं जीवरसायनशास्त्र, मुलांचे आजार, त्वचेचे रोग, सगळं पुन्हा. जेवणाचं टेबल पुस्तकांनी भरलं, आम्ही सहा महिने मांडीवर ताटं घेऊन जेवलो. मी तिला प्रश्न विचारायचे, ती उत्तरं द्यायची, चुकली की स्वतःच्याच हातावर चापटी मारून घ्यायची. समीर इंग्रजीत तिला चिडवायचा आणि तिच्या चुकांची यादी फ्रीजवर लावायचा. बाबांच्या खिचडीला तोवर चार फोडण्या यायला लागल्या होत्या. एवढं हसतं-खेळतं घर आमचं आधी नव्हतं, नंतरही फारसं झालं नाही. परीक्षेच्या दिवशी आई ज्या बाकावर बसली, त्याच्या शेजारी तिच्याच हॉस्पिटलातला सर्जन होता. "घाम फुटला होता त्याला," ती घरी आल्यावर म्हणाली, आणि त्याच्याबद्दल पुढे एक अक्षर बोलली नाही. निकाल आल्यावरही त्याचं काय झालं ते सांगितलं नाही. आईचं मात्र पाकीट बाबांनी फोडलं, वाचलं, आणि उठून तिच्यासाठी चहा टाकला. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं ती म्हणते. बाबा असते तर त्यांनी हे मान्य केलं नसतं.

पुढच्या वर्षी, उमेदवारी ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीतच गव्हर्नर हरले. एकट्या परीक्षेमुळे हरले असं नाही, पण त्यांच्या विरोधकाने प्रत्येक सभेत ती परीक्षा काढली, आणि गावोगावच्या डॉक्टरांनी आपल्या पेशंटांना काय सांगितलं असेल ते सांगायला नको. बाबा तोवर नागरिक झाले होते, ते मत देऊन आले होते. निकालाच्या संध्याकाळी टीव्हीवर गव्हर्नर हार मान्य करणारं भाषण देत होते, कोट नेहमीसारखाच मोठा, आणि समीर चक्क जागा होता. आई उभी राहून बघत होती. "माझ्या एका वाक्यापायी गेला तो माणूस," ती म्हणाली. "आणि मला साधं मतही देता आलं नाही." बाबा म्हणाले, "तुझ्यामुळे नाही." पण तिचं समाधान झालं नाही. नंतर कितीतरी दिवस झालं नाही.

जानेवारीत, पद सोडायच्या दिवशी, गव्हर्नरांनी घुमटाखालच्या मोठ्या दालनात उभं राहून येईल त्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करायचं ठरवलं. बाहेर बर्फ गुडघाभर. आईने निळी इरकली नेसली, त्यावर जाड कोट, पायात बर्फाचे बूट, आणि रांगेत उभं राहून दोन वाक्यं घोकत राहिली, एक आभाराचं आणि एक माफीचं. रांग दाराबाहेर पायऱ्यांपर्यंत गेली होती. तासाभराने आमची पाळी आली. जवळून ते टीव्हीपेक्षा म्हातारे दिसले. आईने हात पुढे केला आणि नाव सांगितलं, "डॉक्टर कानडे," आणि घोकलेलं सगळं विसरली. मला वाटलं, आता पुढे सरकावं लागणार, मागे माणसं खोळंबली होती.

त्यांनी तिचा हात सोडला नाही. जरा खाली वाकले आणि विचारलं, "पास झालात का?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "नाइंटी-फोर," ती म्हणाली. त्या एवढ्या मोठ्या घुमटाखाली, आयुष्यात पहिल्यांदा, अगदी हळू आवाजात. "आउट ऑफ हंड्रेड, सर." आणि त्या हरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते बघून माझी आई रांगेत उभी राहून, कोटाच्या बाहीने डोळे पुसत, ढसढसा रडली.